‘क्लीव्ह’: एका रूपात मिसळलेली दोन क्रियापदे

इंग्रजीतील ‘क्लीव्ह’ या क्रियापदाचा अर्थ दुभंगणे असाही होतो आणि घट्ट चिकटून राहणे असाही. एकाच शब्दाने काळाच्या ओघात आपला अर्थ उलटा फिरवला, असे त्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा वाचायला मिळते आणि ते मला दर वेळी खटकते, कारण मुळात हा एक शब्दच नव्हे.

प्राचीन इंग्रजीत फोडणे या अर्थाचे ‘क्लेओव्हन’ आणि चिकटणे या अर्थाचे ‘क्लिव्हियन’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे होती. पुढे स्वर बदलत गेले, शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्ही एकाच उच्चारावर येऊन मिळाली. जर्मनमध्ये मात्र ती वेगळीच राहिली: ‘क्लेबन’ म्हणजे चिकटणे, तर ऑस्ट्रिया-बव्हेरियाकडे लाकूड फोडण्याला ‘क्लीबन’ म्हणतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहतो आणि अब्राहाम होमार्पणासाठी लाकडे फोडतो, तेव्हा एकाच उत्पत्तीच्या पुस्तकात ही दोन्ही क्रियापदे भेटतात.

फोडण्याच्या क्रियापदाचे मूळ ‘ग्लेउभ्’ या आद्य इंडो-युरोपीय धातूत, म्हणजे युरोप आणि भारतातील अनेक भाषांच्या कल्पिलेल्या समान पूर्वजभाषेतील धातूत, मानले जाते. इंग्रजी-जर्मन ज्या गटातल्या, त्या जर्मानिक भाषांत मूळच्या ‘ग’चा नियमाने ‘क’ होतो, ग्रीकमध्ये तो ‘ग’च राहतो, त्यामुळे कोरणे या अर्थाचे ग्रीक ‘ग्लुफेइन’ हे त्याचे भावंड ठरते. इजिप्तची जी लिपी फ्रेंच विद्वान शांपोल्यों यांनी १८२२ मध्ये उलगडली, तिच्या ‘हायरोग्लिफ’ या नावात हाच धातू आहे. लाकूड चिरणारा आणि दगडात अक्षर खोदणारा एकाच धातूखाली यावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘क्लेफ्ट’ आणि ‘क्लोव्हन’ ही जुनी रूपे फोडण्याच्या बाजूलाच उरली आहेत: दुभंगलेली टाळू ‘क्लेफ्ट’, गाईचा दुभंगलेला खूर ‘क्लोव्हन’. हिरा ठरावीक प्रतलांवरच सरळ फुटतो, त्या गुणधर्मालाही ‘क्लीव्हेज’ म्हणतात. ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला हिऱ्यांचे कारागीर जोसेफ आशर यांनी याच गुणधर्माच्या आधारे फोडला.

लसणाच्या पाकळीला इंग्रजीत ‘क्लोव्ह’ म्हणतात, तेही याच क्रियापदाच्या कुळातले. लवंगेचे ‘क्लोव्ह’ मात्र खिळा या अर्थाच्या लॅटिन ‘क्लावुस’पासून फ्रेंचमार्गे आले, म्हणजे येथेही दोन निराळे शब्द एकाच उच्चारात येऊन मिसळले आहेत.