तुम्ही विचारलंत म्हणून: मनात राग धरल्यानं आजार जडतो का?

"मनात कुणाबद्दल काही धरून बसली आहेस का? माफ करून टाक, बघ दुखणं कसं पळतं." मला रूमॅटॉइड संधिवात होऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून हे ऐकते आहे. विचारणारी माणसं मायेचीच असतात. माझं सख्ख्या भावाशी बोलणं नाही हे त्यांना ठाऊक असतं, मग दोन्हींची सांगड लगेच घातली जाते.

राग होता, खोटं कशाला बोलू? वडील गेल्यावर 'सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत' म्हणून भावानं नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी कागद वाचला नाही. भाऊच होता ना! त्यानंतर कित्येक रात्री तीनला जाग यायची. तीच खोली, तोच टेबल, तेच त्याचं "इथं कर सही." जबडा आवळलेला, छातीत धडधड.

म्हणजे रागाचं शरीरात काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या होप कॉलेजात शार्लट विटव्लिएट आणि सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांना दुखावणारी आठवण घोळवायला लावली, तर रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढले. माफ केल्याची कल्पना करताना ते कमी राहिले. हा अभ्यास २००१ सालचा. २००५ साली ओहायोत ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड उठवून पाहिलं: जी जोडपी एकमेकांशी जास्त कडवटपणे वागत, त्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे ६० टक्के वेगानंच भरल्या. माझंही तसंच आहे. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी सांधे जास्त ठणकतात.

पण ठणका वाढणं वेगळं आणि आजार मुळात लागणं वेगळं. माझ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. माझ्या आत्याची बोटं अशीच वाकडी होती, आणि तिचं उभ्या जन्मात कुणाशी वाकडं नव्हतं. पोटातल्या अल्सरचंही एके काळी 'फार काळजी करतो' म्हणून माणसावरच खापर फुटायचं. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ साली जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं की त्यानं जठराला सूज येते. पुढे बहुतेक अल्सरमागे हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात हे सिद्ध झालं. तोवर किती जणांनी स्वतःच्या स्वभावाला दोष दिला असेल!

मीही दिला. एका शिबिरात सांगितलं गेलं की क्षमा पूर्ण झाली की गोळ्यांची गरज उरत नाही. मी मेथोट्रेक्सेट ही माझी संधिवाताची गोळी बंद केली, डॉक्टरांना न विचारता. रोज डोळे मिटून भावाला माफ करायचे आणि रोज बोटं आणखी सुजायची. मग वाटायचं, माझी माफीच खोटी असणार. दुखण्यापेक्षा हे जास्त लागलं. चार महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेले, तोवर उजव्या मनगटाचा सांधा झिजला होता. तो आता पूर्वीसारखा व्हायचा नाही. म्हणून कळवळून सांगते, आजारी माणसाला माफ करायला सांगायचं असेल तर त्याच्या मनासाठी सांगा, औषधाच्या जागी सांगू नका.

गेल्या भाऊबीजेला भाऊ न सांगता दारात आला. मी पाट मांडला. निरांजन लावायला काडी ओढत होते, पण चिमटीत जोर येईना. दोन काड्या मोडल्या. त्यानं पेटी हातातून घेतली, वात लावली आणि माझ्या बोटांकडे बघत राहिला. "एवढं झालंय?" म्हणाला. जमिनीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मी ओवाळलं.

त्यानंतर तीनला जाग येणं बरंच कमी झालं. पुढच्या महिन्यात रक्त तपासलं, सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, होता तेवढाच. रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, हे चालू आहे. सकाळी दुधाची पिशवी अजून नवराच कापून देतो.