दोन फिती, तारीख एकही नाही

1 जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू केलेलं बायबलवाचन कुठे अडखळतं, हे बोटावर मोजून सांगता येतं. 66 पुस्तकांत मिळून 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. रोज तीन धरले, तर 25 जानेवारीला निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा 25वा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: फळ्या, कड्या, पडदे, सगळं हातांत मोजलेलं. 35व्या अध्यायापासून तेच सगळं पुन्हा. त्यातून बाहेर पडावं, तर 31 तारखेला लेवीय हे तिसरं पुस्तक दारात उभं.

लेवीयला उगाच बोल लावतात. घात वाचनाच्या तक्त्यावरच्या तारखा करतात. घरात लग्न निघालं, दहा दिवस गेले, की सव्वातीनच्या हिशोबानं 33 अध्यायांची थकबाकी. ती कोणीच फेडत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मचेन या पाळकांनी 1842मध्ये आपल्या मंडळीसाठी काढलेला तक्ता आजही वापरात आहे: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. त्यांनी स्वतःच त्याचे धोके लिहून ठेवले होते. वाचन नुसता उपचार होणं हा एक, आणि काहींना हे जोखड फार जड होणं हा दुसरा.

टिकतं ते असं. बायबलमध्ये दोन फिती ठेवा, एक जुन्या करारात, एक नव्यात. आठवड्याचे पाच दिवस जुन्यातले दोन अध्याय आणि नव्यातला एक. नव्या करारात 260 अध्याय आहेत, म्हणजे बरोबर 52 आठवडे. जुन्यातले 929 अध्याय 93 आठवड्यांत होतात. दिवस चुकला तर फीत जिथे आहे तिथूनच पुढे. दुप्पट वाचून भरपाई करायची नाही. अनुक्रमणिकेत संपलेल्या पुस्तकापुढे पेन्सिलची खूण, एवढीच नोंद पुरे. (पेन्सिलच. बायबलच्या पातळ कागदावर जेल पेन मागच्या पानावर उतरतं.) मोबाईल ॲप ऐकायला छान, पण सलग दिवसांचा आकडा बंद ठेवा, तो एकदा शून्यावर आला की ॲपही उघडलं जात नाही. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असल्यानं हा हिशोब थोडा लांबतो.

कोरड्या जागांसाठी काही उपाय आहेत. लेवीय 1 ते 7 वाचताना पाच अर्पणांचा पाच ओळींचा तक्ता करा: होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली, दोषबली, प्रत्येकात काय जाळतात आणि काय कोण खातं. लेवीय 16 आलं की त्याच दिवशी नव्या करारातलं इब्री 9 वाचा. गणना 7 मध्ये 12 सरदारांची तीच भेट बारा वेळा येते. पहिली नीट वाचा, बाकीच्यांची नुसती नावं पाहा. एज्रा 5 नंतर हाग्गय घ्या. दोनच अध्याय आहेत, एका दिवसाचं काम. पुढे त्याची पाळी आली की सोडून द्या. आणि अध्यायाचा आकडा दिसला म्हणून थांबू नका, ही विभागणी खूप नंतरची आहे. यशया 53चं दुःखी सेवकाचं गीत 52:13 पासून, म्हणजे 52व्या अध्यायाच्या 13व्या वचनापासून सुरू होतं.

अभ्यास मात्र वाचनात मिसळू नये. प्रत्येक शब्दापाशी थांबलात तर दोन अध्याय होत नाहीत, आणि धावत वाचलं तर अभ्यास होत नाही. त्यासाठी शनिवारचा पाऊण तास वेगळा. सुरुवात फिलिप्पैकरांस पत्रानं करावी: 4 अध्याय, 104 वचनं, एका बैठकीत संपतं. पहिले चार शनिवार ते नुसतं सबंध वाचायचं. मग वही घ्यायची. कोण, कुणाला, कुठून लिहितो आहे (1:13 मध्ये बेड्या दिसतात); कोणते शब्द फिरून फिरून येतात; 'म्हणून', 'कारण', 'परंतु' कुठे आहेत. 'म्हणून'च्या आधी काय म्हटलं आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकटं छापलेलं 4:13 हे वचन ('मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे') 4:11-12 सोबत वाचलं की परीक्षेत पास होण्याबद्दल राहत नाही. ते भूक आणि भरपूर या दोन्हींत तृप्त राहण्याबद्दल आहे. अडलेलं वचन दुसऱ्या मराठी भाषांतरात पाहा. दोन्हींत शब्द वेगळे पडले, तिथे मूळ शब्द अवघड आहे असं बहुधा समजावं. टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरची भाष्यं, सगळ्यात शेवटी. आधी उघडला की आपली वही कोरी राहते.

दोन्ही फिती बरोबरच सरकत असल्या, की 93व्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी जुन्या करारात मलाखी 4 उरतो. नव्या कराराची तोवर दुसरी फेरी चालू असते, आणि त्या दिवशीचा अध्याय येतो इब्री 1: पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोललेला देव आता पुत्राच्या द्वारे बोलला आहे, या वाक्यानं सुरू होणारा.