झटका येत नाही, मग गोळी कशाला?

विचारलंत म्हणून सांगते. वेंगुर्ल्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या, गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न काउंटरवर फार वेळा येतो. कधी आई विचारते, कधी नवरा, कधी ज्याची गोळी आहे तो स्वतः. "दोन वर्सां झाली, झटको येवक नाय. आता गोळी बंद केली तर चलात मां?" विचारताना आवाजात आशा असते आणि ती रास्तच आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घेणाऱ्याला दिवसातून दोनदा आजाराची आठवण होते. म्हणून 'बंद करू नका' एवढंच सांगून मी कोणाला वाटेला लावत नाही.

बंद होऊ शकते. पण ती तुमची तुम्ही बंद करायची नाही, माझ्या सांगण्यावरून तर नाहीच, आणि एका दिवसात कोणीही नाही.

मेंदूतल्या पेशी एकाच वेळी, बेताल उसळल्या की झटका येतो. गोळी त्यांना तसं उसळू देत नाही, पण रक्तात तिचं पुरेसं प्रमाण असेपर्यंतच. त्यामुळे दोन वर्षं झटका आला नाही, याचे अर्थ दोन. कदाचित आजार शमला असेल. कदाचित आजार आहे तिथेच असेल आणि गोळी आपलं काम चोख करत असेल. घरच्यांना दोन्ही सारखंच दिसतं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही. ते अंदाज बांधतात. झटका कुठल्या प्रकारचा होता, कितव्या वर्षी सुरू झाला, एमआरआय आणि ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या आलेखात) काय दिसलं, किती औषधांनी ताबा आला, हे सगळं बघून. लहान मुलांना झोपेत येणारा, चेहऱ्याच्या एका बाजूला सुरू होणारा एक प्रकार वयात येईपर्यंत बहुधा आपोआप जातो. उलट किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार आहे. त्यात सकाळी उठल्या उठल्या हात दचकतात, हातातला कप उडतो. तो गोळीला छान दाद देतो, पण गोळी सोडली की बहुतेकांना पुन्हा गाठतो. शेजारच्या मुलाची बंद झाली म्हणून आपल्याची होईल, असं त्यामुळेच नसतं.

ब्रिटनमध्ये यावर एक मोठा अभ्यास झाला, १९९१ साली छापून आला. किमान दोन वर्षं झटका न आलेले १०१३ रुग्ण घेतले. काहींची गोळी हळूहळू कमी केली, बाकीच्यांची चालू ठेवली. आणखी दोन वर्षांनी पाहिलं, तर चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के लोकांना झटका आलेला नव्हता, कमी केलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांना. हे आकडे मी दोन्ही बाजूंनी सांगते. गोळी सुटली तरी निम्म्याहून जास्त लोक ठीक राहिले, ही आशेची बाजू. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करूनही धोका वाढलाच. मग घरच्या घरी, एका रात्रीत बंद केल्यावर काय होईल?

एकदम थांबवली की दबून असलेला मेंदू उलट जोराने उसळू शकतो. झटक्यामागून झटका येतो, मध्ये शुद्धच येत नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांच्या बाबतीत जास्तच जपावं लागतं. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, अजूनही बरेच जण घेतात. डॉक्टर ही औषधं काही महिने लावून, पाव-पाव करत उतरवतात.

माझ्या बघण्यात, ठरवून बंद करणारे थोडेच. गोळी तुटते ती बहुतेक वेळा भलत्याच कारणाने. गणपतीचं उदाहरण घ्या. चाकरमानी मुंबईहून रात्रभराच्या गाडीने येतात, झोप नाही, इथे आल्यावर भजनं, फुगड्या, जागरण, आणि गोळ्या राहिल्या परळच्या कपाटात. झोप मोडणं हेच मुळी झटक्याला आमंत्रण, त्यात औषध नाही. मग कोणीतरी दुकानात येतं आणि पाकिटातून पट्टीचा कापलेला तुकडा काढतं. दोन गोळ्यांची रिकामी घरं, मागच्या चंदेरी कागदावर फक्त 'मिग्रॅ', नाव कात्रीने गेलेलं. "हीच द्या, पांढरी, मधे रेघ असते." पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या गोळ्या माझ्याकडे फळीभर आहेत. चिठ्ठीचा आणि अख्ख्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवा, तुमच्याही आणि घरातल्या आणखी एकाच्या.

एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. फेनिटॉइन घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. हे औषध मोडून बाहेर टाकण्याला शरीराची मर्यादा आहे. ती ओलांडली की थोड्याशा वाढीनेही रक्तातलं प्रमाण भसकन चढतं, माणूस झोकांड्या खातो, एकाचे दोन दिसतात, आणि लोकांना वाटतं दारू प्यायलाय. लॅमोट्रिजिनची गोष्ट वेगळी. त्यात पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पूर्ण डोसवर उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून तळापासून चढत यायचं. नाहीतर अंगावर पुरळ उठून प्रकरण गंभीर होऊ शकतं.

आता आपल्या पावसाबद्दल. याकडे कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध हवेतली ओल ओढून घेतं. एक मावशी आठवड्याच्या गोळ्या सोलून प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवायच्या, विसरायला नको म्हणून. हेतू चांगला. जुलैत त्यांनी ती डबी माझ्यापुढे उपडी केली तर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, वरचं आवरण सुटलेलं, बोटाला चिकट लागणाऱ्या. आषाढात मिठाला पाणी सुटतं तशी गत. कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट जागी ठेवल्या तर त्यांचा एक तृतीयांशापर्यंत गुण जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने १९९० मध्ये दिला होता. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अख्खं घरच दमट असतं. म्हणजे माणूस रोज नेमाने गोळी घेतो, आणि तरी औषध अपुरं पडू शकतं. तेव्हा गोळी तोंडात टाकायच्या क्षणीच पट्टीतून काढा. पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, न्हाणीघरात नाही, चुलीच्या वरच्या फळीवर नाही. फेनिटॉइनचं पातळ औषध असेल तर बाटली दर वेळी नीट हलवा. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीला मुलाला कमी जातं आणि शेवटी शेवटी जास्त.

पावसाळ्याचीच दुसरी गोष्ट. लावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घेतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असेल तर डॉक्सिसायक्लिन शरीरातून लवकर निघून जातं, गुण कमी पडू शकतो. गोळ्या द्यायला घरी येणाऱ्या आशाताईंना, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फिटची गोळी चालू आहे हे सांगा. टीबीचं औषध सुरू होत असेल तरी सांगा, त्याने या गोळ्यांचं प्रमाण खाली-वर होतं. अंगदुखीवर मिळणारं ट्रॅमाडॉल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकं झटक्याला वाट करून देऊ शकतात. ती कोणाकडून तरी मागून घेऊ नका.

आणि एक विचारणं असतं, तेव्हा दुकानात दुसरं कोणी नसतं. मुलीची आई येते. "लग्न ठरलाहा. आता बंद केली तर?" मला त्या आईचा राग येत नाही. सासरी कळलं तर काय, ही तिची भीती खरी आहे. पण लग्नाचे दिवस म्हणजे जागरण, उपास, ताण, आणि नेमकी तेव्हाच गोळी काढून घ्यायची! हिंदू विवाह कायद्यात अपस्मार लग्नाच्या आड येत होता, ती अट १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. कायद्याने इतक्या वर्षांपूर्वी जे सोडून दिलं ते आपण घराघरांत धरून बसलोय.

मुलगी व्हॅल्प्रोएटवर असेल तर मात्र लग्नाआधी डॉक्टरांकडे जायलाच हवं. गरोदरपणात हे औषध चालू राहिलं तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि दहांतल्या तीन-चार मुलांच्या बोलण्या-शिकण्यावर परिणाम होतो. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम ही त्या मानाने पुष्कळ सुरक्षित. हा बदल सावकाश करावा लागतो, फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू करायचं असतं, म्हणून वेळ हाताशी हवा. दिवस राहिल्यावर घाबरून गोळी फेकू नका. मोठा झटका आई आणि बाळ दोघांनाही घातक. त्याच दिवशी फोन करा. आणि फेनिटॉइन, कार्बामाझेपिन घेणाऱ्या बाईची कुटुंबनियोजनाची गोळी फसू शकते, हेही तिला कोणीतरी सांगायला हवं.

मग बंद करायचं ठरवायचं कसं? दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतःहून डॉक्टरांपुढे विषय काढा. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात जात असाल किंवा कोल्हापूरला, गर्दीत पाच मिनिटं मिळतात, म्हणून शेवटचा झटका कधी आला, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, कधी खंड पडला होता का, हे कागदावर लिहून न्या. कमी करायला लागलात की ते महिने आणि त्यानंतरचे काही महिने जपायचे. गाडी चालवू नका, विहिरीवर एकट्याने जाऊ नका, न्हाणीला आतून कडी घालू नका. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८.

माझं स्वतःचं मत विचाराल तर यात कामधंद्याचा विचार सगळ्यात आधी व्हावा. घरी बसून हिशेब लिहिणाऱ्याला आलेला एक झटका आणि होडीवर जाळं ओढणाऱ्याला आलेला एक झटका यांची किंमत सारखी नाही. होडीवरच्या माणसाने आयुष्यभर गोळी घ्यायची ठरवली तर तो शहाणपणाच आहे. केसपेपरवर व्यवसाय म्हणून नुसतं 'मजुरी' लिहिलेलं असतं. आपण माडावर चढतो, की पहाटे समुद्रात जातो, हे डॉक्टरांना आपल्या तोंडाने सांगा.