लिव्हर पूर्ण बंद होता

आमच्याकडून भाड्याने नेलेली लेन्स ट्रायपॉडवरच्या क्लॅम्पमधून सुटून पडली होती, आणि ती नेणारे काका त्या क्लॅम्पच्या दांडीबद्दल, म्हणजे लिव्हरबद्दल, पहिल्यापासून एकच सांगत होते, "लिव्हर मी पूर्ण बंद केला होता." आणि काउंटरवर आमच्यापैकी एकाचाही त्यावर विश्वास बसत नव्हता, कारण कॅमेरा रेंटलच्या धंद्यात हे वाक्य सारखं ऐकू येतं. लेन्स पाण्यात पडली तरी पट्टा गळ्यातच होता आणि ट्रायपॉड आडवा झाला तरी पाय घट्टच होते.

मी पुण्यात एका रेंटलच्या दुकानात सामान तपासायचं काम करते, बाहेर जाताना आणि परत आल्यावर. लोकांना वाटतं लेन्समध्ये बुरशी आणि सेन्सरवर धूळ बघितली की झालं, पण माझा खरा वेळ जातो ट्रायपॉड आणि त्याच्या हेडवर, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या भागावर, कारण लेन्सला सगळे जपतात आणि ट्रायपॉडला कोणीच नाही. पायांच्या लॉकमधला चिखल तसाच वाळवून आणतात. बॉलहेडवर, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवणाऱ्या गोळ्याच्या हेडवर, प्लेट पकडणारा क्लॅम्प ज्या एका मधल्या स्क्रूवर बसलेला असतो तो मी प्रत्येक परतीला ॲलन की लावून बघते, हलला असेल तर काढून, पुसून, निळ्या लॉक्टाइट २४३ चा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, थेंब टाकून परत आवळते. हे बिलावर कुठेच दिसत नाही.

तर काका. बँकेतून रिटायर झालेले, पक्ष्यांचे फोटो काढतात, सामान नेलं त्यापेक्षा स्वच्छ करून परत देणारा दुर्मिळ माणूस. त्यांनी आमच्याकडून निकॉनची २००-५०० लेन्स घेतली आणि ट्रायपॉडवर लिव्हरच्या क्लॅम्पचं बॉलहेड. लेन्सच्या पायाला लावायची, क्लॅम्पमध्ये बसणारी प्लेट आम्ही देतो, पण काका म्हणाले माझी स्वतःची लांब प्लेट आहे, त्यावर बॅलन्स नीट येतो. काउंटरवरच्या मुलाने "चालेल की काका, सगळं आर्काच आहे" म्हणून दिलं. आर्का म्हणजे आर्का-स्विस कंपनीच्या धाटणीची प्लेट आणि क्लॅम्पची जोडी. मला कोणी विचारलंच नाही, मी आत दुसऱ्या सामानात होते.

सकाळी पुण्याजवळच्या कवडीपाटला चक्रवाक आणि चित्रबलाक चांगले मिळाले म्हणे. मग जागा बदलायची म्हणून काकांनी कॅमेरा-लेन्ससकट ट्रायपॉड खांद्यावर घेतला, सगळे पक्षीवाले घेतात तसाच. लेन्स २.३ किलो, त्यावर डी५०० कॅमेरा म्हणजे आणखी ८६० ग्रॅम. चार पावलं चालले आणि प्लेट क्लॅम्पमधून मागच्या मागे सरकून लेन्स खडकावर. माउंट वाकला, झूम रिंग अडकली, पुढची फिल्टरची कड चेपली. लिव्हर तेव्हाही बंदच होता, काकांनी तिथेच मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता.

आमच्या दुकानाच्या सरांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले पडल्यावर बंद केला असेल. मला हे फार लागलं. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि तोंडावर खोटं पाडायचं?

मी तो क्लॅम्प आणि प्लेट बाजूला काढून ठेवले. प्लेट लावून लिव्हर बंद केला तर प्लेट हाताने ढकलल्यावर सरकत होती. जोर लावावा लागत होता, पण सरकत होती. आमची प्लेट लावली की जागची हलत नव्हती. व्हर्नियरने दोन्ही प्लेटांची रुंदी घेतली तर दोन्ही ३८ मिलिमीटरच्या आसपास, फरक जवळजवळ शून्य. सरांना हे दाखवलं तर त्यांना उलट पुरावाच मिळाला, बघ, साईझ तर सेम आहे.

माझा मामा भोसरीला एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, आहे. रविवारी दोन्ही प्लेटा आणि क्लॅम्प घेऊन गेले. त्याने व्हर्नियर बघितलंसुद्धा नाही, म्हणाला, "अगं, डव्हटेल कधी टोकावरून मोजतात का?" आर्काची प्लेट डव्हटेल आकाराची, म्हणजे खाली रुंद आणि वर अरुंद असते, ४५ अंशांचे दोन तिरके उतार, आणि क्लॅम्पचा जबडा त्या उतारावर बसायचा असतो. मामाने दोन्ही बाजूंच्या खाचांत एकेक गोल पिन टाकली आणि पिनांच्या बाहेरून मायक्रोमीटर लावला. आमची प्लेट आणि काकांची प्लेट यात ०.४ मिलिमीटरचा फरक निघाला, काकांची कमी. मग टोकावर सारखी कशी? कारण चांगल्या प्लेटेची खालची कड मारलेली असते, टोक बोथट. काकांच्या प्लेटेची कड चाकूसारखी तशीच सोडलेली होती, म्हणजे उतार आत गेलेला आणि टोक मात्र बाहेर ३८ पर्यंत आलेलं. व्हर्नियर टोकाला लागतं, त्याला उताराचं काही कळत नाही.

मग त्याने ब्लू मारलं. टूलरूमवाल्यांना हे माहीत असतं, जबड्याच्या आतून निळ्या रंगाचा अगदी पातळ थर बोटाने पसरायचा, प्लेट घालून लिव्हर बंद करायचा, उघडायचा, आणि प्लेटेवर रंग कुठे उठला ते बघायचं. आमच्या प्लेटेवर दोन्ही उतारांवर रुंद निळा पट्टा उठला, पूर्ण लांबीभर. काकांच्या प्लेटेवर उतार कोरे, फक्त खालच्या कडेला केसासारखी रेघ. भिंगातून बघितलं तर त्याच रेघेवर ॲनोडायझिंगचा काळा थर उडून आतलं पांढरं ॲल्युमिनियम चकाकत होतं, कड चेपून गोल झालेली.

मला ते बघून अंगावर काटा आला, कारण सगळं जुळलं. कड नवी होती तेव्हा तिचं टोक जबड्याच्या तळाला टेकत होतं, त्यामुळे लिव्हर बंद करताना हाताला व्यवस्थित जोर लागायचा, घट्ट बसल्यासारखं वाटायचं. पण पकड उतारावर नव्हतीच, त्या रेघेवर होती. तीन किलोच्या वजनाने आणि सकाळभर इकडून तिकडे फिरवल्याने ती कड चेपत गेली, आणि लिव्हर जिथल्या तिथे बंद असताना पकड संपली. मामा म्हणाला दार ओढून घेतलं म्हणजे कडी लागली असं नसतं.

लिव्हर क्लॅम्पचा हाच स्वभाव आहे आणि तो विकताना कोणी सांगत नाही. नॉबच्या, म्हणजे गोल मूठ फिरवून आवळायच्या क्लॅम्पमध्ये स्क्रू असतो, प्लेट थोडी लहान असो मोठी असो, तुम्ही फिरवत राहता आणि जबडा पाहिजे तेवढा आत येतो. लिव्हरमध्ये कॅम, म्हणजे फिरताना जबडा ढकलणारा वाकडा गोल तुकडा असतो, त्याची चाल ठरलेली, बंद म्हणजे जबडा अमुक जागी, त्यापुढे प्लेट आहे की हवा आहे त्याला फरक पडत नाही. रिअली राईट स्टफ या कंपनीचे लिव्हर क्लॅम्प असे ठरलेल्या चालीचे आहेत, त्यांच्या स्वतःच्या प्लेटवर ते इतके सुंदर बसतात की दुसरं काही वापरावंसं वाटत नाही, पण ती अट आहे. काही लिव्हरमध्ये ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, ते रेंटलला बरे, पण ज्याच्या त्याच्या प्लेटप्रमाणे तो स्क्रू लावायचा कोणी? गिऱ्हाईक लावणार नाही आणि काउंटरवरचा मुलगा तर नाहीच नाही.

नॉबवाले म्हणतात मग नॉबच वापरा ना. मी पण पक्षीवाल्यांना नॉबच देते आता. पण लग्नवाल्यांना नॉब देऊन बघा, मंगलाष्टकं सुरू झाली आणि कॅमेरा ट्रायपॉडवरून एकपायी मोनोपॉडवर घ्यायचाय, तीन नॉब एकाच आकाराचे, अंधुक उजेडात क्लॅम्पऐवजी बॉलचा नॉब सुटतो आणि कॅमेरा धाडकन नाक खाली करतो. लिव्हर हाताला वेगळा लागतो, न बघता कळतो. फक्त त्याला सेफ्टीचं बटण पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा अडकून तो उघडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जुनी मॅनफ्रोटोची २००पीएल प्लेट आठवते का, प्लेट वरून दाबली की लिव्हर आपोआप खटकन बसायचा, वर पितळी सेफ्टी. खेळ असायचा तिच्यात, म्हणजे प्लेट जराशी हलायची, लांब लेन्सला नकोच, पण प्लेट आणि क्लॅम्प एकाच घरचे असल्यामुळे असला घोळ नव्हता.

आणि राग येतो तो इथे. ट्रायपॉडच्या स्क्रूला आयएसओ १२२२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच, जगात जवळजवळ कुठलाही कॅमेरा कुठल्याही ट्रायपॉडवर बसतो. आर्काच्या डव्हटेलला असं काही नाही. एका कंपनीची रचना सगळ्यांनी उचलली, प्रत्येकाने आपापली मापं धरली आणि डब्यावर "आर्का कम्पॅटिबल" छापलं. त्या दोन शब्दांवर लोक लाखाची लेन्स टांगतात.

मध्येच सरांच्या एका मित्राने सांगितलं की उन्हाने धातू प्रसरण पावला असेल. ३८ मिलिमीटर ॲल्युमिनियम २५ अंशांनी तापलं तर साधारण ०.०२ मिलिमीटर वाढतं, आणि क्लॅम्पही ॲल्युमिनियमचाच, तो पण तेवढाच वाढणार. शिवाय हिवाळ्यातली सकाळ. पण असं काहीतरी शास्त्रीय वाटणारं बोललं की माणसं मान डोलावतात आणि निळी रेघ दाखवली की घड्याळ बघतात.

एक गोष्ट मात्र काकांच्या विरुद्ध जाते आणि तीच मला सुटत नाही. प्लेटेच्या दोन्ही टोकांना खालून दोन बारीक स्टॉप स्क्रू लावायची भोकं होती. ते स्क्रू लावलेले असले की पकड ढिली झाली तरी प्लेट क्लॅम्पबाहेर सरकू शकत नाही, स्क्रू जबड्याला अडतो. स्क्रू पुडीत आले होते, सोबत कुठलाही कागद नाही, काकांना वाटलं स्पेअर आहेत, त्यांनी डबीत जपून ठेवले होते. ते असते तर लेन्स वाचली असती. पण मग ती रिकामी भोकं आमच्या काउंटरलाही दिसायला हवी होती, आमचंच रोजचं काम आहे.

सरांनी शेवटी अर्धा खर्च डिपॉझिटमधून कापला आणि अर्धा दुकानाने घेतला. त्यांना वाटतं हे मोठं मन. काकांनी एक शब्द न बोलता सही केली, फक्त मला म्हणाले, "तुला तरी पटलं ना, मी बंद केला होता?" मी म्हटलं, "हो काका, मी मोजलंय."

आता बाहेरची प्लेट आली की मी स्वतः बघते. कागदाची पातळ पट्टी जबडा आणि उतार यांच्यामध्ये घालून लिव्हर बंद करायचा, पट्टी ओढायची, दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांना. पट्टी निघून आली तर ती प्लेट आमच्या लिव्हरवर जात नाही, नॉबचं हेड घ्या किंवा आमची प्लेट घ्या. स्टॉप स्क्रू नसतील तर मी लावून देते. वेळ लागतो, मागे रांग होते, काउंटरवरचा मुलगा वैतागतो.

मामाकडून पिनांवरची मापं कागदावर लिहून सही करून आणली आहेत. या आठवड्यात सरांसमोर ठेवणार आहे, काकांचे कापलेले पैसे परत द्या म्हणून. ते स्टॉप स्क्रूचा मुद्दा काढतील हे मला माहीत आहे, आणि त्यावर माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही.