बाबा, पाण्यात उभं राहायचं नाही

क्युसेक म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीच्या २७ दरवाजांपैकी किती उघडले, डाव्या कालव्याला आवर्तन (ठरल्या दिवसांचं सोडलेलं पाणी) कधी, टेलपर्यंत म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचणार का, यावर आपल्याकडे पारावर रोज बोलणं होतं. म्हणून बाबांना कॅलिफोर्नियातल्या साउथ फोर्क अमेरिकन नदीवर राफ्टिंगला, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून (राफ्टमधून) खळाळत्या पाण्यातून जायला न्यायचं ठरलं की पहिल्यांदा एवढंच सांगा: इथंही आवर्तनच असतं. चिली बार धरणाखाली नदीला किती पाणी, कोणत्या दिवशी, किती तास, हे वीजप्रकल्पाच्या परवान्याच्या अटींत लिहिलेलं आहे. वर्ष कोरडं गेलं तर दिवस कमी, ओलं गेलं तर जास्त. उन्हाळ्यात रात्री काहीशे क्युसेकवर गेलेली नदी सकाळी साधारण १,३०० ते १,७०० क्युसेकवर येते आणि राफ्ट या वाढलेल्या पाण्यावर सुटतात.

आता हिशोब करा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १,५०० क्युसेक म्हणजे सेकंदाला ४२,००० लिटरच्या वर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. या नदीतून तेवढं पाणी १२ सेकंदांत पुढं जातं. ज्यानं लातूरमध्ये ते दिवस काढलेत त्याच्या पोटात हे ऐकून कालवतं, आणि कालवायलाच पाहिजे. पण हे पाणी वाया जात नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. आधी त्यावर वीज होते, मग राफ्ट जातात, मग ते खाली फॉल्सम तलावात साठतं आणि तिथून प्यायला, शेतीला वापरलं जातं. एकाच पाण्याची तीन-तीन कामं. आणि यात अमेरिकेनं फार मोठा शोध लावलाय असंही नाही, आपल्या कोलाडला कुंडलिका नदीतही वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावरच राफ्टिंग चालतं. मला हेवा वाटतो तो वेळापत्रकाचा. आठला पाणी म्हणजे आठला पाणी. आपल्या टेलच्या शेतकऱ्याला असा एक कागद मिळाला असता तर त्याची किती रात्रींची झोप वाचली असती.

चिली बार ते कोलोमा हा टप्पा साधारण १० किलोमीटरचा. याच कोलोमात जानेवारी १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि कॅलिफोर्नियाकडं माणसांची रीघ लागली. नद्यांच्या खळाळाच्या सहा श्रेणी मानतात, ही नदी तिसऱ्या श्रेणीची. साठी ओलांडलेला, पण जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस हाताचा आधार न घेता उठत असेल तर त्याला हा टप्पा जमतो, असं माझं मत आहे. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बदललेला गुडघा यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं आणि गाइडला लपवून ठेवायचं नाही. ‘कशाला सांगायचं, नाही घेतलं तर’ हा आपला स्वभाव इथं महागात पडतो. प्रवासी विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, तेही आधी वाचा. ‘धोका माहीत आहे, जबाबदारी माझी’ असं लिहून घेणाऱ्या कागदावर बाबांनी सही करण्याआधी त्यातलं एक-एक कलम मराठीत सांगा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडचे बाबा लोक पोहायला शिकले ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. खोल आणि थांबलेलं पाणी त्यांना माहीत आहे, त्याची भीती नाही. नदीही माहीत आहे, पण ती पाय रोवून ओलांडायची नदी. राफ्टमधून पडल्यावर तोच सरावाचा पाय तळ शोधतो, आणि सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे. वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं. मागून पाण्याचा रेटा, पाऊल अडकलेलं, मग अंग पुढं वाकतं आणि तोंड पाण्याखाली जातं. लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, त्यामुळं कमरेएवढं पाणीसुद्धा धडधाकट माणसाला वर उठू देत नाही. म्हणून पडलं की पाठीवर आडवं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, गुडघे थोडे वाकलेले. खडक आला तर तळव्यानं ढकलायचा. गुडघ्याखाली पाणी येईपर्यंत उभं राहायचं नाही.

हे घरी हॉलमध्ये गालिच्यावर झोपवून करून घ्या. दोनदा नाही, दहादा. चिली बारवर पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्येच मीटग्राइंडर नावाचा लांब, उथळ, दगडांनी भरलेला खळाळ लागतो, तिथं शिकवायला वेळ नसतो.

मुलांची चूक वेगळी असते. बाप पाण्यात दिसला की ते ओरडतात, ‘बाबा, उभे राहा!’ नाहीतर स्वतःच उडी मारतात. दोन्ही करायचं नाही. ‘बाबा, पाय वर!’ एवढंच ओरडायचं. ते राफ्टजवळ आले की हाताला धरून ओढायचं नाही, त्यानं खांदा निखळतो आणि माणूस वर येतही नाही. त्यांचं तोंड राफ्टकडं करा, जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे मुठीत धरा, आपले गुडघे राफ्टच्या कडेला टेकवा आणि सगळं अंग मागं टाका. ऐंशी किलोचा माणूस तुमच्या मांडीवर येऊन पडतो. यासाठीच त्यांना मधल्या रांगेत आणि स्वतः त्यांच्या मागं, त्याच बाजूला बसा.

जॅकेट आवळताना खालचा पट्टा आधी, मग वरचे, खांद्याचे शेवटी. पोट सुटलेलं असेल तर खालचा पट्टा पोटावर नको, बरगड्यांच्या शेवटी बसवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीशी येतं. खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर सैल आहे. वल्ह्याच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, तिच्यावरून हात कधीही सुटू द्यायचा नाही. सुटलेल्या मुठीनं शेजाऱ्याचे दात पडतात. कवळी असेल तर काढून डबीत.

गाइडच्या आज्ञा इंग्रजीत असतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन. त्या बाबांना लगेच समजतात. अवघड जाते ती हाय साइड. राफ्ट खडकाला आडवी लागली की माणूस आपोआप खडकापासून दूर सरकतो, आणि त्यानं पाण्याकडची कड दबते, पाणी वर चढतं, राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. जायचं खडकाच्याच बाजूला, आणि सगळ्यांनी एकदम.

कपड्यांत सुती काही नको. बनियन, पायजमा, आईचा ओढणीसकट ड्रेस ओला झाला की अंगाला चिकटून गारठवतो. जुलैत कोलोमाची हवा कडक उन्हाची, पण धरणातून आलेलं पाणी बारा-पंधरा अंशांच्या आसपास. अचानक पडल्यावर आधी श्वास आत ओढला जातो, तेव्हा तोंड मिटलेलं पाहिजे. वेटसूट भाड्यानं मिळतो, पैसे वाचवू नका. स्लिपर चालत नाहीत, टाचेला पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. चष्म्याला दोरी, मंगळसूत्र आणि अंगठ्या गाडीत. मधुमेह असेल तर साखर आणि गोळ्या गाइडच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत द्या, आणि ती पिशवी कुठं बांधली ते बघून ठेवा.

कोलोमाजवळ नदीकाठी घरं आणि तंबू आहेत. तिथला पट्टा शांततेचा आहे, आरडाओरडा बंद. बाबांना बोलायचं असतं ते तेव्हाच, हळू आवाजात बोलून घ्यावं.

बहुतेक ठिकाणी गाडी उतरायच्या जागी लावतात आणि बसनं वर नेतात. म्हणून कोरडा टॉवेल, कपडे, चहाचा थर्मास आणि धपाट्यांचा डबा बसमध्ये न्यायचा नाही, गाडीत ठेवायचा. डोकं आधी पुसा, चहा मग.