अंगठा मागे, बोटं पुढे

"कंबर दुखते" म्हणत येणाऱ्या दहा माणसांचे हात दहा जागी जातात. कुणाचा मणक्यावर, कुणाचा नितंबावर, कुणाचा मांडीच्या बाहेरच्या हाडावर. म्हणून मी आधी सांगते, बोलू नका, नुसता हात ठेवून दाखवा. 17 वर्षं फिजिओथेरपी करताना ही सवय अंगात मुरली आहे. तरीही एका पेशंटचा हात मी पाहिला आणि तो काय सांगतोय ते मला कळलं नाही.

ती पस्तिशीच्या आसपासची, नोकरी करणारी, दोन वर्षांपासून हौसेनं धावणारी. पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21.1 किलोमीटर, दोन महिन्यांवर आली होती आणि उजवा खुबा कित्येक आठवडे दुखत होता. एक्स-रे काढून झाला होता, त्यात काहीच नव्हतं. मी तपासलं. मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा दाबला तर ती दचकली. त्या कुशीवर झोपता येत नाही म्हणाली. एका पायावर उभं केलं, तर अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेरच्या बाजूला कळ. नितंबाच्या स्नायूंचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावलंय, असं निदान मी केलं. धावणाऱ्या बायकांमध्ये हे नेहमी दिसतं, आणि तिच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं.

टेंडनला पूर्ण विश्रांती मानवत नाही, त्याला मोजून भार द्यावा लागतो. म्हणून व्यायाम दिले आणि सांगितलं, दुखणं दहापैकी तीनच्या आत राहत असेल तर हळू धावायला हरकत नाही. हे वाक्य माझं होतं. ते पुढे बरेच दिवस मला झोपू देत नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती चौथ्यांदा आली. "बाहेरचं कमी झालंय डॉक्टर, पण आता आत दुखतंय." आणि तिनं खुबा हातात धरला. अंगठा मागे नितंबावर, बोटं पुढे जांघेत, 'सी' अक्षराच्या आकारात. दुखणं सांध्याच्या आत असलं की माणूस एका बोटानं जागा दाखवू शकत नाही, तो असा सगळा खुबाच धरतो. मला एकदम आठवलं, पहिल्या दिवशी खुर्चीतून उठतानाही तिनं हात अगदी असाच धरला होता. त्या वेळी माझी नजर बाहेरच्या हाडावर होती.

मी तिला परत बसवलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. पूर्वी तिसऱ्या किलोमीटरनंतर दुखायचं, आता पहिल्या पावलापासून. रात्री कूस बदलताना जाग येते. आठवड्याचं अंतर? पाच आठवड्यांत 20 किलोमीटरवरून 45 वर नेलेलं. हाडावर ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. तिथे नवं हाड भरून यायला मात्र तीनेक महिने. या मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि नेमकी तेव्हाच ती सगळ्यात जास्त धावत होती.

"पाळी शेवटची कधी आली?"

ती जरा थांबली. "पाच महिने झाले. प्रॅक्टिस वाढली की असं होतं म्हणतात ना? बरंच वाटलं होतं मला." जेवणही कमी केलं होतं. वजन उतरलं की वेग येतो, असं कुणीतरी सांगितलेलं. धावण्याला लागणारी ऊर्जा पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडाची डागडुजी मागे पडते. पाळी बंद होणं हे चांगल्या प्रॅक्टिसचं लक्षण नाही, हे धावणाऱ्या प्रत्येक मुलीला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

झोपवून गुडघा छातीकडे घेतला आणि मांडी हलकेच आत वळवली. जांघेत तीव्र कळ. यानंतर एरवी मी एका पायावर उडी मारायला सांगते. या वेळी तसं करवेना. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या सांध्यात बसणाऱ्या गोल डोक्याखालचा निमुळता भाग, चिरली असेल, तर ती एक उडी चीर सरकवू शकते. हाडाच्या डोक्याला जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्याच मानेवरून जातात. त्या तुटल्या तर डोकं मरतं, आणि मग पस्तिशीत सांधा बदलायची वेळ येते.

व्हीलचेअर मागवली. "अहो, मी चालत आलेय!" ती म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि आता तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. ऑर्थोपेडिक सर्जनना फोन केला, चिठ्ठीत लिहिलं की एक्स-रे नॉर्मल असला तरी एमआरआय आजच हवा. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. मग तिच्याशेजारी बसून सांगितलं, धावत राहा हा सल्ला टेंडनसाठी ठीक होता, तुमच्या हाडासाठी चुकीचा होता, आणि तो मी दिला. तिनं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. "मग माझी रेस?" एवढंच विचारलं, आणि माझा चेहरा पाहून रडू लागली. इतके आठवडे दुखत असताना ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

एमआरआयमध्ये चीर निघाली, मानेच्या खालच्या बाजूला, रुंदीच्या निम्म्याहून कमी. वरच्या बाजूची चीर प्रत्येक पावलाला ताणली जाऊन उघडत जाते, तिथे बहुतेक वेळा स्क्रू घालावे लागतात. खालच्या बाजूला दाब येतो, हाड एकमेकांवर टेकून राहतं. त्यामुळे ऑपरेशन टळलं. सहा आठवडे कुबड्या, मग हळूहळू वजन, मग चालणं. या काळात माझं काम थोडं होतं. खरं काम स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि आहारतज्ज्ञांनी केलं, आणि तिनं स्वतः, रोज पुरेसं जेवून.

पाचव्या महिन्यात ती एक छोटी डायरी घेऊन आली. पूर्वी ती तिच्यात किलोमीटर लिहायची. ती पानं उलटून तिनं मला दोन तारखा दाखवल्या, लाल पेनानं गोल केलेल्या, एकमेकींपासून 31 दिवसांवर. सर्जननी नव्या एमआरआयनंतर परवानगी दिली होती.

"आता?" तिनं विचारलं.

"एक मिनिट धावायचं, चार मिनिटं चालायचं," मी म्हटलं, आणि घड्याळ हातात घेतलं.