तेल, दोर आणि दुभाषी

लेखा व कोषागारातून निवृत्त झाल्यावर मुंबईतल्या एका अभिलेखागारात जुन्या कागदांच्या याद्या करण्याचे काम मी करारावर घेतले, त्याला आता चौथे वर्ष चालू आहे. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे, सोडायचा, पाने मोजायची, विभाग, साल, विषय आणि पृष्ठसंख्या संगणकातल्या ठरलेल्या रकान्यांत भरायची आणि कसर लागलेला कागद उलटताना श्वास रोखून धरायचा, एवढेच ते काम आहे. दिवसाला चाळीस नोंदी झाल्या नाहीत तर पर्यवेक्षक कारण विचारतात. येथे येणारे अभ्यासक पत्रव्यवहार मागतात. हिशेबाचे कागद सहसा कोणी मागत नाही, म्हणून ते माझ्या वाट्याला येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण पत्रात साहेबाला स्वतःबद्दल हवे ते लिहिता येते, देयकाची बेरीज मात्र जुळवावीच लागते.

त्या दिवशी सोडलेल्या रुमालात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरच्या ब्रिटिश कॉन्सलकचेरीची, म्हणजे वाणिज्यदूताच्या कचेरीची, १८६० च्या दशकातली मासिक देयके निघाली. “काका, झांझिबारचा खर्च मुंबईत कसा?” असे शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता. १८४१ साली तेथे गेलेला पहिला ब्रिटिश कॉन्सल अ‍ॅटकिन्स हॅमर्टन हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी होता, आणि तो एकाच वेळी राणीचा कॉन्सल व कंपनीचा एजंट होता. १८५७ साली तो तेथेच वारला. वर्षभर जागा रिकामी राहिली आणि मग आलेला रिग्बीही मुंबईच्याच लष्करातला. इराणी आखातातल्या बुशहरच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचा, कारभारही १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडेच होता. निशाण लंडनचे आणि पगारपत्रक हिंदुस्थानचे, अशी ही सोय होती. तिच्याबद्दल पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे वाद झाला. त्या आयोगावर दादाभाई सदस्य होते आणि १८९७ साली गोखले व वाच्छा यांनी लंडनला जाऊन त्याच्यापुढे साक्षी दिल्या. १९०० च्या अहवालात हिंदुस्थानला वर्षाला २,९३,००० पौंडांची सूट सुचवली गेली, तीत इराणमधल्या वकिलातीच्या खर्चापोटी ५,००० होते. मी हे सगळे सांगत असताना ती मुलगी आपल्या नोंदी करत होती, आणि तिचे बरोबरच होते.

कचेरीच्या खर्चाला पूर्वीही दोन अंगे होती आणि आजही आहेत. एक आस्थापना, म्हणजे मंजूर पदे, त्यांचे वेतन, रजा आणि निवृत्तिवेतन; दुसरा आकस्मिक खर्च, म्हणजे ज्याला मंजूर पद लागत नाही असे सारे काही. आस्थापनेत एक शिपाई वाढवायचा तर प्रस्ताव वरपर्यंत जातो आणि वर्षभर अडकतो. आकस्मिक खर्चात तोच शिपाई कार्यालयप्रमुखाच्या सहीने दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. त्यामुळे कुठलीही कचेरी प्रत्यक्षात कोण चालवते हे पाहायचे असेल तर मी पगारपत्रक बाजूला ठेवतो आणि आकस्मिक खर्चाचे देयक आधी उघडतो. तीस वर्षांत या सवयीने मला एकदाही फसवले नाही.

या देयकाच्या आस्थापनेच्या भागात साहेबांची नावे पूर्ण लिहिलेली होती, लेखनिकाचे अर्धे होते आणि शिपायांची फक्त संख्या होती. खाली आकस्मिक खर्चात दिव्यांचे तेल, होडीचा दोर, निशाणाचे कापड आणि, तेल व दोर यांच्या मधल्या ओळीत, एक दुभाषी. रक्कम रियालांत लिहून शेजारी रुपये, आणे, पै अशी उतरवलेली होती. मी मागचे महिने काढले. अकरा देयकांत तो त्याच ओळीत होता, दर महिन्याला तीच रक्कम आणि दर महिन्याला नव्याने ‘आकस्मिक’. अरबी आणि स्वाहिली जाणणारा माणूस ज्या कचेरीत लागतो, तेथे तो आकस्मिक कसा असेल? रिग्बीने १८६० च्या सुमारास ब्रिटिश संरक्षणाखालच्या हिंदी व्यापाऱ्यांकडचे काही हजार गुलाम मुक्त करवून त्यांना दाखले दिले. त्या प्रत्येकाला नावगाव कोणत्या भाषेत विचारले असेल याचा अंदाज करायला इतिहासकार असण्याची गरज नाही.

बाराव्या देयकाच्या समासात तांबड्या शाईने मुंबईच्या लेखापालाचा आक्षेप होता. दरमहा होणारा खर्च आकस्मिक कसा, आणि त्याला मंजुरी कोणाची, अशा आशयाच्या दोन ओळी. १८६० साली वित्त सदस्य जेम्स विल्सनने हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी महालेखापरीक्षकाचे पद निर्माण झाले, तेव्हापासून अशी तांबडी शाई सगळीकडे पोहोचू लागली होती. आक्षेप नियमाला धरून होता, नेमका होता, आणि मला तो आवडला. मीही अगदी असाच लिहिला असता. खरे तर मी लिहिलाही आहे. एका तालुक्याच्या कचेरीत सात वर्षे रोजंदारीवर असलेल्या सफाई कामगार बाईंचे वेतन कार्यालयीन खर्चात दाखवले जात होते. मी आक्षेप घेतला तो पद मंजूर करून घ्यावे या हेतूने, आणि कचेरीने पूर्तता कळवली ती बाईंना कमी करून. आक्षेप निकाली निघाला. आमच्या खात्यात निकाली निघालेल्या आक्षेपांचीच गणती होते.

त्यानंतरच्या महिन्याचे देयक मी घाईने उलटले. तेल होते. दोर होता. मधली ओळ नव्हती. तो आस्थापनेवर घेतला गेला असेल तर त्या महिन्याच्या पगारपत्रकात दिसायला हवा होता, पण त्या पानाचा खालचा अर्धा भाग कसरीने खाल्लेला आहे. लेखनिकापर्यंत वाचता येते आणि पुढे जाळी आहे. भिंगाखाली धरून, पाठीमागून दिवा लावून पाहिले, तरी एक वेलांटी आणि रकान्याची रेघ यांपलीकडे काही लागले नाही.

संध्याकाळी नोंद करताना विषयाच्या रकान्यात साठ अक्षरांची मर्यादा आडवी आली. ‘झांझिबार कॉन्सलकचेरी, आकस्मिक खर्च, तेल, दोर इत्यादी’ एवढ्यात ती संपली. शेऱ्यात मी दुभाष्याची ओळ, आक्षेप आणि पुढच्या महिन्यात त्या ओळीचे गळणे हे सगळे लिहिले. पर्यवेक्षकांनी ते काढायला लावले, कारण शेरा हा कागदाच्या अवस्थेबद्दल असतो आणि शिवाय त्या दिवशी माझ्या नोंदी सव्वीसच झाल्या होत्या. त्यांचे नियमाप्रमाणे चुकले नाही. आता तेथे ‘पान अर्धे, कसरग्रस्त’ असे आहे.

पुढच्या वर्षाचा रुमाल डागडुजीसाठी गेलेला आहे. त्याच्या मागणीची चिठ्ठी मी दर सोमवारी नव्याने टाकतो.